पास्कूचा वरचा सूर

पास्कू, तुझ्या दफनाच्या वेळी मी टाळ्या वाजवल्या.

एक नव्हे, तीन-चार. चांगल्या खणखणीत. तुझा ट्रम्पेट त्या दिवशी बास्तूच्या हातात होता. हॉटेलच्या बँडात इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसून दुसरा ट्रम्पेट वाजवणारा बास्तू, जो तुझ्यासमोर कधी सोलोला उभा राहिला नाही, तो त्या उघड्या खड्ड्यापाशी एकटा उभा राहिला आणि त्याने एक स्तोत्र वाजवलं. हळू वाजवलं, घाबरत वाजवलं, पण चुकला नाही. शेवटचा सूर संपला, ट्रम्पेट खाली आला आणि माझे हात मला न विचारता एकमेकांवर आपटले. फादर तीर्थ शिंपडत होते, त्यांचा हात वरच राहिला. गावठणातल्या सगळ्या बाया माझ्याकडे वळल्या. शेजारच्या म्हाताऱ्याने कानाशी येऊन विचारलं, "बाबू, तू बँडवाला का येडा?" मी म्हटलं, दोन्ही नाही. त्यातलं एक खोटं होतं.

पण गंमत बघ. उभ्या जन्मात तुझ्या वाजवण्याला माझी टाळी कधी योग्य जागी पडली नाही. कधी आधी, कधी नंतर, एकदा तर नको तिथे. या वेळी मात्र अगदी नेमकी पडली. सोलो संपला, ट्रम्पेट खाली आला, टाळी. तू शिकवलंस तस्सं. फक्त जागा कबरस्तानाची निघाली.

घरी आलो तर आई दारात पाण्याची बादली घेऊन उभी. "बाहेरच आंघोळ कर," म्हणाली. मग थोडं थांबून, "क्रिस्तावाचं सुतक किती दिवस धरतात रे?" मी विचारलं, "शाळेतल्या सोबत्याचं किती धरतात?" ती बादली ठेवून आत गेली. पण रात्रीच्या आमटीला फोडणी घातली नव्हती. तुझा ट्रम्पेट म्हणजे तिच्या लेखी 'ते पितळी भोकाड', तरीही.

तू कधी जन्मलास, कुठकुठल्या बँडांत वाजवलंस, ते मी इथे लिहीत नाही. लिहायला बसलो तर तेही चुकवीन. मला फक्त एका सुराबद्दल तुझ्याशी बोलायचं आहे. तो मी शेवटचा कधी ऐकला ते मला आठवतं. त्यानंतर का ऐकला नाही, ते मला तू गेल्यावर कळलं.

सुरुवात मात्र तुझ्या सुराने नव्हे, माझ्या बेसुराने झाली. मराठी चौथीत आपण एका बाकावर होतो. तू चर्चच्या बँडात नुकताच लागला होतास आणि ते वाजंत्र दप्तरासारखं काखेत घेऊन फिरायचास. मला वाटलं, फुंकायचं तर आहे, त्यात काय. गावठणामागच्या टेकाडावर मी ते तोंडाला लावलं आणि सगळा जीव ओतला. खालच्या तबेल्यातला भैय्या काठी घेऊन वर आला. त्याची एक म्हैस अडली होती, तीच सुटून इकडे आली असं त्याला वाटलं. तू गवतावर लोळून हसलास आणि म्हणालास, "वस्या, तू आयक. वाजवू नको. तुना वाजवनाऱ्याची नाय, आयकनाऱ्याची जागा." मी ती जागा घेतली. तीही नीट सांभाळता आली नाही, ते पुढे येईलच.

मग तू मोठा झालास आणि फोर्टातल्या त्या हॉटेलात गेलास. अमेरिकेहून आलेला एक काळा बँडमास्टर तुमच्या बँडाचा धनी होता. त्याने तुला जे शिकवलं, ते तू रविवारी अंधेरीला येऊन मला शिकवायचास. 'स्विंग' म्हणजे काय, हे मी तुला विचारलं, तेव्हा तू शब्द शोधत बसला नाहीस. मला विहिरीवर नेलंस. तुमच्या गावठणाच्या विहिरीवरून बायका पाणी नेत होत्या. भरला हंडा डोक्यावर, एक हात कमरेवर.

"त्या मार्थाला बघ," तू म्हणालास. तेव्हा ती तुझी बायको व्हायची होती, आणि बघायचं दुसरंही कारण तुला होतं. "हंडा डुलतो की नाय?"

"डुलतो."

"पानी सांडतं?"

"नाही."

"बस. त्याला स्विंग बोलतात. सोल्जर चालतो तसं वाजवलं तर डुलत नाय. दारुड्या चालतो तसं वाजवलं तर सांडतं. मार्था चालते तसं वाजवायचं."

त्यानंतर मी या विषयावर मोठमोठ्या जाणकारांची बोलणी ऐकली आहेत. कुणी त्याच्या पलीकडे गेलेला मला आढळला नाही.

हॉटेलात मला तू एका शनिवारी नेलंस. दुपारचा चहाचा नाच असे, त्या वेळेला. वडिलांचा कोट, बास्तूचा टाय, आणि हातात तुझी ट्रम्पेटची पेटी, म्हणजे दारावरचा शिपाई मला तुमच्यातलाच समजेल. मी मुदपाकखान्याच्या दाराशी एका खांबाला टेकून उभा राहिलो. तुम्ही सगळे पांढऱ्या कोटात, पितळी बटणं, समोर आकाशी रंगाची स्टॅण्डं. साहेब लोक मडमांना घेऊन फिरत होते. मग तू उभा राहिलास.

ट्रम्पेटच्या तोंडाला तू नारळाची करवंटी लावली होतीस. आवाज दाबायला विलायती मूट मिळत असताना गोराईच्या मावशीकडून आणलेली, तासून गुळगुळीत केलेली करवंटी. तिच्या आडून आवाज असा यायचा, जसं कुणी उंबऱ्याच्या आतून आपल्याशीच काही बोलतं आहे. नाचणारे बोलता बोलता थांबले. मग तू करवंटी काढलीस आणि वरचा सूर लावलास.

मी गाण्यातला माणूस नाही. एवढंच सांगतो की त्या सुराला धार नव्हती. उंच जाणारा सूर सहसा टोचतो. तुझा वर जाऊन रुंद होत गेला. मांडवावर कनात ताणावी तसा तो त्या सगळ्या दालनावर ताणला गेला, आणि खाली साहेब, मडमा, बटलर आणि खांबाला टेकलेला मी, सगळे काही वेळ त्याच्या सावलीत उभे राहिलो.

तू खाली बसलास. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाणं अजून चालू होतं, म्हणून मी शिस्तीत हात बांधून थांबलो. आपल्याकडे बैठकीत मधेच टाळ्या पिटणाऱ्याला उठवून देतात. गाणं पुरतं संपलं, सगळीकडे शांत झालं, बँडमास्टर पुढलं नाव पुकारायला उभा राहिला, तेव्हा मी एकट्याने कडकडाट केला. बटलरच्या हातातला ट्रे कलला.

परतताना तू मला चांगलंच फैलावर घेतलंस. "सोलो संपला, ट्रम्पेट खाली आला, का टाळी. तवाच! तू गानं संपायची वाट बघते, तवर वाजवनारा गार होऊन बसलेला असते. ती टाळी त्याच्या कामाची नाय. टाळी गरम पायजे, पावावानी."

ही शिकवण मी मनापासून घेतली. माझा दोष हाच. मी कुठलीही शिकवण घेतली की ती डोक्यात न जाता हातात जाते.

मग दारूबंदी आली. लिंबाच्या सरबतावर कोण नाचणार? साहेब आधीच बोटीने गेले होते, उरलेले शेटजी चहा पिऊन नऊच्या आत घरी जायला लागले. बँड मोडला. बँडमास्टर आपल्या देशी गेला. कितीतरी वाजवणारे कलकत्त्याला निघाले, तिथे हॉटेलं चालू होती. तुलाही बोलावणं होतं. तू गेला नाहीस, आणि त्यावरून आपलं पहिलं मोठं भांडण झालं.

मी म्हटलं, "तू इथे राहून करणार काय? गावठणात लग्नं वाजवणार?"

"वाजवीन की."

"हॉटेलात वाजवणारा माणूस विहिरीवर वाजवणार?"

तुमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणतात. वरात विहिरीवर जाते, पुढे बँड, मागे बाया, आणि पाणी भरून नाचत नाचत परत. हॉटेलच्या दिवसांतही तू त्या वेळेला यायचास, पांढरा कोट न काढता यायचास. मला ती हौस वाटायची. आता तोच धंदा होणार म्हणून मला लाज वाटली. तुझी नव्हे, माझी. मी कचेरीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझा मित्र फोर्टात वाजवतो.

तू शांतपणे म्हणालास, "हाटेलात मी वाजवायचा नी साहेब नाचायचा. हितं फ्रान्सिस्का म्हातारी नाचते नी तिला बघून मी वाजवतो. माना सांग, मोठं काम कंचं?"

मला सांगता आलं नाही. म्हणून मी रागावलो. हे भांडण तेव्हापासून पडून आहे. आज तुला सांगतो, ते तू जिंकला होतास. समोर असताना मी हे मान्य केलं असतं तर तू आणखी एका पोराच्या बारशाला मला ढोल बडवायला बसवलं असतंस.

पण मला वाटायचं, तुझं भलं आपण करायचं. मी तोवर कचेरी सोडून अंधेरीतल्या एका स्टुडिओत साउंड खात्यात लागलो होतो. खात्याचं नाव भारदस्त आहे. माझं काम होतं शांतता ठेवणं. रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी पंखे बंद करायचे, पत्र्यावरचे कावळे बांबूने हाकलायचे, दार लावायचं, लाल दिवा लावायचा आणि "सायलेन्स!" म्हणून ओरडायचं. दिवसभरात आवाज करायची परवानगी असलेला तेवढा एकच शब्द. मी तुझं नाव तिथल्या म्युझिक डायरेक्टर साहेबांच्या कानावर घातलं. तू आलास. बास्तूही आला. वर्षभरात तू पहिल्या ट्रम्पेटच्या खुर्चीवर होतास. तुला ठाऊक आहे, त्या खुर्चीचा अभिमान तुझ्यापेक्षा मलाच जास्त होता.

आणि मग ते गाणं आलं. क्लबातला नाच, नायिका जिन्यावर, मधे ट्रम्पेटचा सोलो. साहेब तुला म्हणाले, "पास्कूभाई, इथे तुम्हाला हवं ते करा." अशी मोकळीक तिथे कुणाला मिळत नसे. तू सोलो बांधलास: आधी करवंटीच्या आडून, मग एक श्वासभर शांतता, मग उघड्या तोंडाने वरचा सूर, लांब. रिहर्सलमध्ये तू तो सूर वाजवत नव्हतास. तिथे आलं की नुसतं गुणगुणून हाताने वर दाखवायचास. ट्रम्पेटवाला ओठ राखून ठेवतो, गवई घसा राखतो तसा. सगळ्यांना ते माहीत होतं. मला नव्हतं, कारण रिहर्सलच्या वेळी मी पत्र्यावर कावळ्यांच्या मागे होतो.

टेक लागली. लाल दिवा. पंखे बंद. व्हायोलिनवाल्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. मी दाराशी, बरोब्बर तुझ्या पाठीमागे. करवंटीचा भाग सुरू झाला. पास्कू, त्या दिवशी मला फोर्टातली ती दुपार परत दिसली. तुझं वाजवणं थांबलं, तुझं कोपर खाली आलेलं मला दिसलं.

सोलो संपला, ट्रम्पेट खाली आला, का टाळी.

ज्या माणसाला पगार गप्प बसण्याचा होता त्याने, लाल दिव्याखाली, दोन्ही हातांनी.

आवाज उतरवायची फिल्म फुकट गेली. प्रोड्यूसर तिथेच खुर्चीत बसलेला होता. साहेब काचेच्या खोलीतून बाहेर आले, त्यांच्या चेहऱ्याचं मी वर्णन करत नाही. "हा माणूस आत्ताच्या आत्ता बाहेर पाहिजे," ते म्हणाले. "उद्यापासून गेटवर दिसला नाही पाहिजे." मी लाल दिव्याच्या बटणावर हात ठेवून उभा होतो. घरी आई, दोन बहिणी लग्नाच्या. हे सगळं त्या क्षणी माझ्या तोंडावर दिसलं असणार.

तू उठलास. म्हणालास, "साहेब, त्याचा गुन्हा नाय. टेक मी खराब केली. वरचा सूर येनार नव्हता. ओठ फाटलाय माझा. म्हनून मी थांबलो नी ट्रम्पेट खाली घेतला. मी थांबलो, तवा तो समजला, संपलं."

साहेबांनी तुझ्याकडे बघितलं. मग हलक्या आवाजात विचारलं, "परत घेऊ या का, पास्कूभाई? थोडं थांबून?"

"नाय साहेब. आज नाय यायचा."

साहेब जरा विचार करून म्हणाले, "ठीक आहे. वरचं व्हायोलिनला देतो." मला बाहेर काढायचं राहून गेलं.

रेकॉर्ड निघाली आणि चालली. अजून चालते. स्टेशनासमोरच्या इराण्याकडे ती रोज लागते. करवंटीचा ट्रम्पेट येतो, लोक मान डोलावतात. मग एक श्वासभर शांतता, आणि मग व्हायोलिनं. दरवेळी त्या जागी मी बशीत बघतो.

तिथून पुढे बोललं जाऊ लागलं: पास्कूचा वरचा सूर गेला. ट्रम्पेटवाल्याबद्दल एकदा असं बोललं गेलं की संपलं. पहिल्या खुर्चीवरून तू दुसऱ्या खुर्चीवर आलास, मग ज्या गाण्याला दोन ट्रम्पेट लागतील तेवढ्यालाच, मग तेही नाही. तू विहिरीवर वाजवायला लागलास, मुलुंडपासून गोराईपर्यंत, कुठे कुणाचं लग्न असेल तिथे. तक्रार म्हणून तुझ्या तोंडून कधी आली नाही. उलट सगळ्या गावठणात तूच ती गोष्ट रंगवून सांगायचास. "लाल दिवा लावनारा कोन? वस्या. सायलेन्स बोलनारा कोन? वस्या. नी टाळी?" सगळी पोरं ओरडायची, "वस्या!" मग तू माझ्या पाठीवर थाप मारायचास. "आता माझ्या मयताला वाजव रं. तवा कोनाची टेक जानार नाय."

मी आमंत्रण समजून चाललो. फादरांना हे कसं सांगणार?

आणि मी काय केलं, तर तुझ्या ओठावर उपचार. माझी समजूत अशी की ओठ बरा झाला की सूर परत येईल. आधी साजूक तूप आणलं, आईकडून कढवून. मग आरेतून गाईचं लोणी आणलं, तिथल्या एका ओळखीच्या माणसाला गाठून. मग घाटकोपरच्या एका वैद्याचं मलम, ज्याला मेलेल्या पालीसारखा वास होता. तू दरवेळी गंभीरपणे घ्यायचास, "लावतो" म्हणायचास. दरवेळी मी विचारायचो, "पास्कू, खरं सांग. त्या दिवशी सूर येणार नव्हता ना?"

"नाय रे बाबा. येनार नव्हता."

"नक्की?"

"कनाला इचारते सारखा? नाय बोललो ना एकदा."

मी सुटकेचा श्वास घेऊन चहा प्यायचो. खरं सांगायचं तर मी तुझ्या ओठाची चौकशी करायला येत नसे. मी ते 'नाय' ऐकायला यायचो. आठवडा-पंधरवड्याने त्याचा असर कमी व्हायचा, की पुन्हा यायचो, तूप घेऊन.

उंबराच्या पाण्याला मी येत राहिलो. आल्या आल्या मला बघून तू हात हलवायचास. मिरवणूक विहिरीपाशी आली की गाणं वर चढायचं, बायका हंडे उचलायच्या, आणि जिथे तो सूर यायला हवा तिथे तू खाली उतरायचास. सुबक, गोड, खालचा सूर. फ्रान्सिस्का म्हातारी तुझ्याकडे डोळे वटारून बघायची. मला वाटायचं, म्हातारीला वयामुळे कमी दिसतं.

मग तुझी छाती भरायला लागली आणि फुंकणंच सुटलं. शेवटचा आलो तेव्हा तू ओटीवर उशांना टेकून बसला होतास. पेटी शेजारी उघडी, ट्रम्पेट पांढऱ्या कोटात गुंडाळलेला. दोन शब्दांत एकदा दम घ्यावा लागत होता. शहाण्या माणसाने अशा वेळी देवाचं नाव घेतलं असतं, पोरांबद्दल बोलला असता. मी विचारलं, "पास्कू, तो सूर..."

तू हसलास. डोळे मिटून मान हलवलीस. "नाय येनार... व्हता... रं. जा. घरी जा."

तुझं माझं शेवटचं बोलणं ते. निघताना मी तुपाची बरणी कोनाड्यात ठेवली.

तुला त्या पांढऱ्या कोटातच ठेवलं, पास्कू. पितळी बटणं मार्थाने राखेने घासून लखलखीत केली होती. इतका रुबाबदार तू फोर्टातसुद्धा दिसला नव्हतास.

सातव्या दिवशीच्या मिस्साला मी गेलो. चर्चमध्ये अगदी मागच्या बाकावर, हात मांड्यांखाली दाबून बसलो. नंतर तुझ्या घरी आलो. माणसं जेवून गेली होती. मार्था मागच्या दारी पायरीवर बसून भांडी घासत होती. मदतीला आलेल्या बायकांना तिने पाठवून दिलं होतं. मी शेजारी बसलो. तिथून विहीर दिसते. तिच्या काठावर एक घागर कुणीतरी विसरून गेलं होतं.

मी तिला टाळ्यांबद्दल माफ कर म्हणालो. ती म्हणाली, "बास्तूला बरं वाटलं. त्याला कोनी कवा वाजवली नव्हती." आणि घासत राहिली.

मग मला राहवेना. तुला विचारायची सोय राहिली नव्हती. म्हणून तिला विचारलं, "मार्था, त्या दिवशी स्टुडिओत... त्याचा वरचा सूर येणार नव्हता ना?"

तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. इतका वेळ माझ्याकडे बघत राहिली की मला वाटलं, हिला कुठला दिवस ते आठवत नाही.

"रोज येत व्हता," ती म्हणाली.

"काय?"

"त्या म्हयन्यात रोज फाटे, उजाडायच्या आदी, हितं विहिरीवर उभा राहून वाजवायचा, त्या गान्यासाठी. घागरी खाली ठेवून बाया आयकायच्या. एक दिवस चुकला नाय. गावात कोनालाबी इचार. तू रेल्वेच्या पल्याड ऱ्हाते, तुना कुठून आयकू येनार?"

"पण त्याने ट्रम्पेट खाली घेतला. मी बघितलं."

"करवंटी काढाया घेतला."

मी विहिरीकडे बघत राहिलो. करवंटी. फोर्टात माझ्या डोळ्यांदेखत काढलेली. करवंटी निघते आणि मग वरचा सूर येतो, हे या जगात ज्या मोजक्या माणसांनी पाहिलं होतं त्यांतला मी एक. आणि त्याच श्वासभर जागेत मी टाळी घातली. आणि तू उभा राहून, माझी नोकरी जाऊ नये म्हणून, भर स्टुडिओत आपला ओठ फाटला म्हणालास. ट्रम्पेटवाल्याने ते म्हणायचं. आणि मग नोकरी पक्की झाली, बहिणींची लग्नं झाली, तरी म्हणत राहिलास.

"मग विहिरीवर?" मी विचारलं. "उंबराच्या पाण्याला? मी इतक्या वेळा आलो. तिथेही कधी..."

"तू आलास की खालचा घ्यायचा. तू गेलास की वरचा. फ्रान्सिस्का भांडायची त्याच्याशी, वस्या आला की माझा नाच बिघडतो बोलायची. तो बोलायचा, ऱ्हाऊ दे, वस्याला झोप नाय येनार."

पास्कू, काय बोलू? तुला शिव्या द्याव्यात असं मनात आलं, कारण मी इतकी वर्षं जवळ उभा होतो आणि तू मला तो सूर ऐकू दिला नाहीस. मग आठवलं की दर पंधरवड्याला येऊन 'नाय' मागणारा मीच होतो. तू मला एक देऊ शकत होतास, सूर नाही तर झोप. मी झोप मागितली.

मी काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "आणि मी तूप आणत राहिलो. ओठासाठी."

"ते आमी भातावर खाल्लं," मार्था म्हणाली. "चांगलं व्हतं. लोनीबी. मलम तेवढं टाकलं." तिने पातेलं पुन्हा हातात घेतलं, पाणी ओतलं, आणि बोलताना मान वर केली नाही. "तो नेहमी बोलायचा, तुझं वाईट मानू नये. वस्याला देवानं कान दिलेच नाय, नुसते हात दिलेत."